चित्र कोणते आणि लिहिलेले कोणते: तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर घरी व बालवाडीत करायच्या कृती

चार वर्षांचे मूल चित्रपुस्तक उघडून घडाघडा ‘वाचू’ लागले की घरात त्याचे कौतुक होते आणि ते व्हायलाच हवे. मात्र त्या वेळी त्याचे बोट आणि नजर पानावर कुठे फिरत आहेत, हे नीट पाहिले तर लक्षात येते की ते चित्रावरून गोष्ट सांगत आहे. चित्राखालच्या काळ्या ओळींचा त्या गोष्टीशी काही संबंध आहे, असे त्याला अजून वाटतच नाही. वाचता येणाऱ्या माणसाला अक्षर दिसताक्षणी वाचले जाते. त्यामुळे ज्याला वाचता येत नाही त्याला तेच पान कसे दिसत असेल, याची कल्पना आपल्याला सहजी करता येत नाही, आणि मुलाला समजावून सांगायची पहिली गोष्ट आपल्या हातून सुटते.

आपल्याला घाई असते ती मुळाक्षरांची. पाटीवर ‘ग म भ न’ गिरवून घेतले की शिक्षणाला सुरुवात झाली, असे पालकांना वाटते. परंतु लिहिलेली अक्षरे नेमके काय काम करतात हे उमगण्याआधी गिरवलेला ‘ग’ मुलाच्या लेखी आणखी एक आकृती असते. त्याआधी त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात. लिहिलेले हे चित्राहून वेगळे दिसते, ही पहिली. वाचणारा माणूस बोलतो ते चित्रातून नव्हे, तर लिहिलेल्यातून बोलतो, ही दुसरी. आणि लिहिलेला शब्द कोणत्याही चित्राजवळ नेऊन ठेवला तरी तो तेच सांगत राहतो, ही तिसरी. पहिली गोष्ट पुष्कळ मुलांना तीन-साडेतीन वर्षांतच जाणवू लागते. तिसरी मात्र पाच वर्षांच्या मुलालाही अनेकदा कळलेली नसते, आणि नेमके तिकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. या लेखातील बहुतेक कृती त्या तिसऱ्या गोष्टीपर्यंत पोचण्यासाठी आहेत.

आधी मूल कुठे आहे ते पाहावे

न्यूझीलंडमधील संशोधक मेरी क्ले यांनी १९७२ मध्ये मुलांची छापील मजकुराविषयीची समज पाहण्यासाठी एका छोट्या पुस्तिकेवर आधारलेली चाचणी तयार केली. तिच्यातील एक साधा प्रश्न आपल्याला घरी वापरता येतो. ज्या पुस्तकात एका पानावर मोठे चित्र आणि दुसऱ्या पानावर दोन-तीन ओळी आहेत, असे पुस्तक मुलासमोर उघडावे आणि म्हणावे, “मी आता तुला वाचून दाखवणार आहे. मी कुठे वाचू? तिथे बोट ठेव.” मुलाने चित्रावर बोट ठेवले, तर वाचणे म्हणजे चित्रातून बोलणे, अशी त्याची समजूत आहे. ओळीवर ठेवले, तर दुसरी पायरी त्याने गाठली आहे. काही मुले पूर्ण पानावर तळहात फिरवतात. हे उत्तरही चुकीचे नसून फरक उमगण्याच्या वाटेवरचे आहे.

मग कोरा कागद द्यावा आणि म्हणावे, “इथे मांजर काढ.” ते झाल्यावर शेजारी, “आता इथे ‘मांजर’ लिही.” मुलाला एकही अक्षर येत नसले तरी ते काय करते, ते पाहण्यासारखे असते. तीन-साडेतीन वर्षांची कित्येक मुले चित्रासाठी गोल, पसरट रेघा ओढतात आणि लिहिण्यासाठी आडवी, बारीक, वळवळती ओळ काढतात. अशी ओळ दिसली, तर लिहिणे ही वेगळी क्रिया आहे हे मुलाला आतून कळले आहे, असे समजावे. त्या रेघोट्यांना नावे ठेवू नयेत आणि लगेच खरी अक्षरे काढूनही दाखवू नयेत. कागदावर तारीख घालून तो जपून ठेवावा आणि दोन महिन्यांनी हेच पुन्हा करून पाहावे. हे सारे पाहुण्यांसमोर करू नये, कारण मुलाला परीक्षेचा वास आला की ते आपल्याला आवडेल ते उत्तर शोधू लागते.

बोलण्यात शिस्त हवी

मोठ्यांच्या बोलण्यात ‘बघ’ आणि ‘वाच’ यांची सरमिसळ फार होते. तक्त्यावरील अननसावर बोट ठेवून आपण “वाच, हे काय आहे?” असे विचारतो आणि मूल ‘अननस’ म्हणाले की शाबासकी देतो. मुलाने यातून घेतलेला अर्थ असा, की चित्राचे नाव सांगणे म्हणजे वाचणे. म्हणून घरात आणि बालवाडीत सर्वांनी एक पथ्य पाळावे: चित्राकडे बोट असेल तेव्हा “बघू या”, “चित्रात काय दिसते?” असे म्हणावे आणि ओळीवर बोट असेल तेव्हाच “वाचू या”, “इथे काय लिहिले आहे?” असे म्हणावे. आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या मावशी, बालवाडीतल्या ताई अशा सगळ्यांनीच हे पाळले, तर मुलाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

मुलाच्या डोळ्यांसमोर लिहावे

छापील पुस्तकातील अक्षरे कुणी केली आणि कशी केली, हे मुलाला दिसत नाही. ती त्याला चित्राइतकीच आयती मिळतात. म्हणून सर्वांत आधी त्याने लिहिण्याची क्रिया पाहायला हवी. मुलाने चित्र काढले की जवळ बसून विचारावे, “याबद्दल तुला काय सांगायचे आहे? तू सांग, मी लिहिते.” ते म्हणेल, “बाबा बसमध्ये बसले आणि मला टाटा केला.” हे वाक्य ऐकल्यावर त्याच शब्दांत, चित्रावर नव्हे तर त्याच्या खाली मोकळ्या जागेत, एकेक शब्द सावकाश उच्चारत लिहावे. लिहून झाल्यावर ओळीखालून बोट फिरवत वाचून दाखवावे. तासाभराने पुन्हा वाचावे, रात्री घरी परतलेल्या बाबांनी वाचावे, दुसऱ्या दिवशी ताईंनी वाचावे. प्रत्येक वाचणाऱ्याच्या तोंडून तेच शब्द येतात, हे मुलाच्या ध्यानात येते. त्याच चित्राकडे पाहून माणसे मात्र वेगवेगळे बोलतात. कुणी “बस केवढी मोठी!” म्हणते, कुणी “चाके छान आली आहेत” म्हणते. चित्रावरून काहीही बोलता येते, लिहिलेल्यावरून तेच बोलावे लागते, हा फरक मुलापर्यंत पोचवायला याहून चांगली कृती मला माहीत नाही.

इथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी. मुलाचे वाक्य व्याकरणाने सुधारू नये. त्याने “मी बस चालवला” असे म्हटले असेल तर तसेच लिहावे, नाहीतर त्याने सांगितलेले आणि आपण वाचलेले जुळत नाही आणि सगळा हेतूच फसतो. शिवाय लिहिताना आपला हात मुलाला दिसेल अशा बाजूला बसावे. समोरासमोर बसल्यास त्याला अक्षरे उलटी दिसतात.

वाचून दाखवताना बोट कुठे आणि किती

वाचून दाखवले जात असताना लहान मुले कुठे पाहतात, याचा अभ्यास डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या उपकरणांनी झालेला आहे. त्यांची नजर जवळजवळ सर्व वेळ चित्रावर असते. मजकुराकडे ती अगदी थोडा वेळ जाते. त्यामुळे रोज गोष्ट वाचून दाखवली म्हणजे मुलाला अक्षरांची ओळख आपोआप होईल, असे धरून चालता येत नाही. त्याचे लक्ष मुद्दाम तिकडे वळवावे लागते. पुस्तकाचे नाव बोट फिरवून वाचावे, मधल्या एखाद्या पानावर “वाघ काय म्हणाला ते इथे लिहिले आहे” असे म्हणून ती ओळ दाखवावी, पान उलटण्यापूर्वी “आता कुठून वाचायला सुरुवात करू?” असे एकदा विचारावे. एका बैठकीत असे दोन-तीन वेळा करणे पुरेसे आहे. प्रत्येक ओळीवर बोट आणि प्रत्येक पानावर प्रश्न आला तर गोष्टीतला जीव जातो, आणि गोष्टीचा कंटाळा आलेल्या मुलाला पुढे काहीच शिकवता येत नाही.

पुस्तक निवडताना चित्रात न दिसणारे काहीतरी मजकुरात असलेले पुस्तक घ्यावे. पात्राचे नाव, त्याच्या तोंडचे बोलणे, आवाज, ‘उद्या’, ‘नको’, ‘विसरली’ हे चित्रात दाखवता येत नाही. ते सांगायला शब्दच लागतात. केवळ ‘सफरचंद’, ‘चेंडू’, ‘मासा’ अशी नावे चित्राखाली छापलेल्या पुस्तकांनी उलट समज पक्का होतो, की खाली जे काही असते ते वरच्या चित्राचे नाव असते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके विनामूल्य आणि मुक्त परवान्याखाली मिळतात. ती छापून घेता येत असल्यामुळे पुढील काही कृतींसाठी कापायला आणि झाकायलाही उपयोगी पडतात.

कात्रणांची वाटणी

जुनी वर्तमानपत्रे, बिस्किटांचे पुडे, चहाची खोकी, लग्नपत्रिका आणि गेल्या वर्षीची दिनदर्शिका एवढे साहित्य पुरते. आधी आपण स्वच्छ कात्रणे करावीत: केवळ चित्र असलेली आणि केवळ मजकूर असलेली. दोन ताटे ठेवावीत आणि एकात बघायचे, दुसऱ्यात वाचायचे, अशी वाटणी मुलाला करू द्यावी. हे सहज जमू लागले की आकडे आणावेत. दिनदर्शिकेवरील मोठे आकडे मूल कोणत्या ताटात टाकते आणि का, हे त्यालाच विचारावे. बरीच मुले काही काळ आकडे आणि अक्षरे एकत्रच ठेवतात, ते चालू द्यावे. तिसरे ताट हवे असे मुलालाच वाटू लागले, तर उत्तमच.

खरी चर्चा होते ती अवघड कात्रणांवर. ॐ कुठे जाईल? स्वस्तिक कुठे? पत्रिकेवर अक्षरांच्या वळणांतून काढलेला गणपती असेल, तर तो कुठे? मोठ्यांनाही यावर वाद घालता येईल, म्हणून मुलाचे कारण ऐकून घ्यावे आणि त्याने ठेवले तिथेच ते राहू द्यावे. दहा रुपयांची नोटही याच कामासाठी अप्रतिम आहे: तिच्यावर गांधीजींचे चित्र आहे, आकडे आहेत, अक्षरे आहेत आणि मागच्या बाजूच्या पट्टीत पंधरा भाषांत तीच रक्कम लिहिलेली आहे. वेगवेगळ्या वळणांच्या त्या ओळी मूल न वाचताही ‘लिहिलेले’ म्हणून ओळखते. मुंबईत वाढणाऱ्या मुलाला याचे महत्त्व विशेष आहे, कारण त्याच्या आसपास देवनागरी आणि रोमन तर असतेच, पण वस्तीनुसार गुजराती, उर्दू, तमिळही असते. कोणती लिपी कोणती, हे सांगण्याची सक्ती या वयात करू नये.

देवनागरीची शिरोरेषा मात्र इथे आवर्जून दाखवावी. एका शब्दाची अक्षरे वरच्या रेघेने जोडलेली असतात आणि शब्द संपला की ती रेघ तुटते, त्यामुळे वाक्यातले शब्द मोजायला मुलाला आयती खूण मिळते. भ, ध, थ या अक्षरांवर रेघ मध्येच तुटलेली असते, म्हणून सुरुवातीच्या शब्दांत ती टाळावीत.

चिठ्ठी जागा बदलते

ही या सगळ्यातली मुख्य कृती. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ एलेन बायलिस्टॉक यांनी प्रयोगासाठी वापरलेल्या रचनेवर ती आधारलेली आहे. वाघाचे एक आणि पक्ष्याचे एक अशी दोन चित्रे घ्यावीत. चित्रांवर कोणताही मजकूर नसावा. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर काळ्या स्केचपेनने ‘वाघ’ असे दोन-अडीच सेंटिमीटर उंचीच्या अक्षरांत लिहावे. मुलाला सांगावे, “या चिठ्ठीवर ‘वाघ’ लिहिले आहे,” आणि चिठ्ठी वाघाच्या चित्राखाली ठेवावी. “चिठ्ठीवर काय लिहिले आहे?” असे विचारल्यावर मूल ‘वाघ’ म्हणते. मग एखादे खेळणे धडपडत आले असे दाखवून चिठ्ठी सरकवावी, म्हणजे ती पक्ष्याच्या चित्राखाली जाईल, आणि पुन्हा विचारावे, “आता चिठ्ठीवर काय लिहिले आहे?” चार वर्षांची, आणि पुष्कळदा पाच वर्षांचीही, मुले ‘पक्षी’ असे उत्तर देतात. चिठ्ठी परत वाघाखाली आणली की ती पुन्हा ‘वाघ’ म्हणतात. अक्षरे ओळखणारी, बाराखडी पाठ म्हणणारी मुलेसुद्धा असे उत्तर देतात, हे पाहिले म्हणजे अक्षरांची नावे येणे आणि अक्षरांचे काम कळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत याची खात्री पटते.

मुलाने ‘पक्षी’ म्हटले तर ‘चूक’ म्हणू नये आणि समजावतही बसू नये. चिठ्ठी त्याच्या हातात द्यावी. “कुणी अक्षरे पुसली का? नवी लिहिली का?” असे विचारून ती त्याला निरखू द्यावी. त्या दिवशी एवढेच. दुसऱ्या दिवशी त्याच्याच नावाची चिठ्ठी घ्यावी. समजा तिचे नाव सई आहे. ‘सई’ लिहिलेली चिठ्ठी आधी तिच्या फोटोखाली ठेवावी, मग मांजराच्या चित्राखाली ठेवावी आणि विचारावे, “आता इथे ‘मांजर’ लिहिले आहे का?” आपले नाव मांजराकडे गेले म्हणून ते मांजराचे होते, हे मुलांना पटत नाही. हसत हसत त्या चिठ्ठीवर हक्क सांगतात, आणि त्या हक्कातूनच शब्द चित्रापासून सुटा होऊ लागतो. यानंतर आईच्या, दादाच्या नावाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात, मग वस्तूंच्या, आणि शेवटी पुन्हा वाघ आणि पक्षी.

पुढच्या टप्प्यात चित्रे काढून घ्यावीत. चिठ्ठी खिशात घालावी, दुसऱ्या खोलीत न्यावी, गॅलरीत नेऊन वाचावी. मग दोन चिठ्ठ्या एकदम घ्याव्यात, दोन्ही मुद्दाम चुकीच्या चित्रांखाली ठेवाव्यात आणि मुलाला त्या योग्य जागी लावायला सांगावे. वाचता येत नसले तरी मूल आकारावरून, काना-वेलांटीवरून ओळखण्याचा प्रयत्न करते. हवे ते हेच, कारण आता उत्तर शोधायला ते अक्षरांकडे पाहू लागले आहे.

सर्व चिठ्ठ्या एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या असाव्यात आणि त्यांवर डाग नसावा. याला कारण आहे. अमेरिकेतील फिलिप गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांना शब्दपट्ट्या दाखवताना एका पट्टीवर अंगठ्याचा ठसा मुद्दाम राहू दिला होता. मुलांनी ती पट्टी पटकन ओळखायला घेतली, पण ठसा नसलेल्या पट्टीवर तोच शब्द आला तेव्हा अनेकांना तो ओळखता आला नाही. उलट नुसता ठसा दाखवला तर ती तो शब्द सांगत होती. लाल कडा, फुलाचा स्टिकर, दुमडलेला कोपरा यांतले काहीही मुलाला अक्षरांपेक्षा सोपे वाटते.

ज्या घरी मराठी बोलली जाते पण मूल इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते, त्या पालकांना दोन लिप्यांमुळे गोंधळ होईल अशी भीती असते. बायलिस्टॉक यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार-पाच वर्षांची द्विभाषक मुले या जागा बदलणाऱ्या चिठ्ठीच्या कृतीत एकभाषक मुलांपेक्षा सरस ठरली होती. म्हणून दोन्ही लिप्यांतील चिठ्ठ्या वापरायला हरकत नाही. एका वेळी एकच लिपी घ्यावी, इतकेच.

मीठ, साखर आणि निरोप

चित्र असताना शब्द कशाला हवा, हा मुलाच्या बाजूने अगदी रास्त प्रश्न आहे. त्याचे उत्तर स्वयंपाकघरात मिळते. एकसारखे दोन स्टीलचे डबे घ्यावेत, एकात मीठ, एकात साखर. चित्र काढून डबे ओळखायचे ठरवले तर दोन्हींवर पांढरा ढीगच काढावा लागेल, हे मुलालाच काढायला सांगून पटवावे. मग ‘मीठ’ आणि ‘साखर’ अशा चिठ्ठ्या त्याच्यासमोर लिहून त्यालाच चिकटवू द्याव्यात आणि चहाच्या वेळी “साखरेचा डबा दे” म्हणावे. आठवड्याने डब्यांच्या जागा बदलाव्यात, चिठ्ठ्या मात्र तशाच ठेवाव्यात. पुढे रवा आणि कणीक, तूरडाळ आणि चणाडाळ अशा जोड्या घेता येतात.

दुसरी कृती निरोपाची. आईने मुलासमोर चिठ्ठी लिहावी, “आजी, मला पाणी द्या,” पण काय लिहिले ते सांगू नये. मुलाने ती दुसऱ्या खोलीतील आजीला नेऊन द्यावी, आजीने मोठ्याने वाचावी आणि पाणी आणावे. मुलाच्या तोंडून एकही शब्द न जाता निरोप पोचतो आणि कागदावर पाण्याचे चित्रही नसते. चाळीत राहणाऱ्यांना शेजारच्या काकूंना यात सामील करून घेता येईल. मग मूल स्वतःच्या रेघोट्यांची चिठ्ठी आणून “वाच” म्हणू लागते. अशा वेळी “तू काय लिहिले आहेस ते मला सांग” असे म्हणावे, खोटे वाचून दाखवू नये.

बालवाडीत नावाच्या चिठ्ठ्या

अनेक बालवाड्यांत मुलाच्या खुंटीवर किंवा डब्यावर नावासोबत फूल, मासा, छत्री असे चित्र लावलेले असते. पहिल्या महिन्यात ते उपयोगी असते, वर्षभर ठेवले तर मूल केवळ छत्री शोधते आणि नावाकडे पाहतच नाही. त्यामुळे चित्र टप्प्याटप्प्याने काढावे: आधी चित्र आणि नाव, मग चिठ्ठी दुमडून चित्र मागच्या बाजूला, म्हणजे अडले तर उलटून पाहता येईल, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर केवळ नाव. हजेरीसाठी सर्व चिठ्ठ्या सतरंजीवर पसरून प्रत्येकाने आपली उचलून फळ्याजवळच्या पिशवीत टाकावी. सई, समीर, साक्षी अशी एकाच अक्षराने सुरू होणारी नावे वर्गात असली तर मुलांना पहिल्या अक्षरापलीकडे पाहावे लागते, आणि तो वाद ताईंनी लगेच मिटवू नये.

रस्त्यावर आणि स्टेशनवर

या कामासाठी मुंबईचे रस्ते चांगले आहेत. २०२२ च्या कायदेदुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही देवनागरी लिपीत मराठी पाटी बंधनकारक झाली असून ती अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असा नियम आहे. त्यामुळे मुलाच्या नजरेच्या टप्प्यात मोठी, ठळक देवनागरी अक्षरे सर्वत्र आहेत. चष्म्याच्या दुकानावर चष्मा, दातांच्या दवाखान्यावर दात असे चित्र आणि मजकूर शेजारी असलेल्या पाट्यांपाशी थांबावे आणि विचारावे, “दुकान कशाचे आहे ते कशावरून कळले?” लोकलमध्ये महिलांच्या डब्यावर बाईचे चित्र असते, ते न वाचता कळते. फलाटावरील पिवळ्या पाटीवर मात्र चित्र नसते, आणि तरीही सगळ्यांना आपण कुठे उतरायचे ते कळते. ‘दादर’ हे नाव तर पाहायला फार सोयीचे आहे, कारण त्यात एकच अक्षर दोनदा येते आणि मुलांना ते स्वतः सापडते. बसच्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर मजकूर सरकत किंवा बदलत असतो, म्हणून सुरुवातीला रंगवलेल्या किंवा छापलेल्या स्थिर पाट्याच घ्याव्यात.

ओळखीच्या पुड्यांबाबत सावध राहावे. पार्ले-जीचा पुडा पाहून मूल नाव सांगते तेव्हा ते रंग आणि त्यावरचे बाळ ओळखत असते. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पेप्सीचे पहिले अक्षर बदलून दाखवले असता बहुतेकांना तो बदल जाणवलाच नव्हता. म्हणून पुड्यावरील चित्र हाताने झाकावे आणि “आता कशावरून ओळखशील?” असे विचारावे, किंवा तेच नाव साध्या कागदावर काळ्या अक्षरांत लिहून पुड्याशेजारी ठेवावे आणि दोन्हींतली सारखी अक्षरे मुलाला शोधू द्यावीत.

वाघ लहान, फुलपाखरू मोठे

एमिलिया फेरेरो आणि आना तेबेरोस्की यांनी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांबरोबर केलेले काम १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एका टप्प्यावरच्या मुलांचे दोन समज दिसून आले: मोठ्या वस्तूच्या नावात अधिक अक्षरे असणार, आणि एक-दोनच अक्षरे असतील तर ते वाचण्याजोगे नसते. मराठीत पहिला समज तपासायला फार सुंदर शब्द आहेत. ‘वाघ’ आणि ‘फुलपाखरू’ अशा दोन चिठ्ठ्या ठेवून “यांतली वाघाची कोणती असेल?” असे विचारावे. मूल लांब चिठ्ठी उचलते. मग दोन्ही शब्द टाळ्या वाजवत म्हणावेत: वाघ म्हणायला दोन टाळ्या, फुलपाखरू म्हणायला पाच. पुन्हा चिठ्ठ्यांकडे पाहावे. लांबी प्राण्याची नसते, उच्चाराची असते, हे मुलाच्या लक्षात आले म्हणजे शब्द चित्रापासून पूर्ण सुटला आणि बोलण्याशी जोडला गेला. ‘उंट’ आणि ‘मधमाशी’, ‘गाय’ आणि ‘सुरवंट’ याही जोड्या चांगल्या आहेत. दुसऱ्या समजामुळे ‘मी’, ‘ये’, ‘जा’ असे एकाक्षरी शब्द आरंभी घेऊ नयेत. आपल्याला ते सोपे वाटतात, मुलाला ते शब्दच वाटत नाहीत.

काय टाळावे

मुळाक्षरांचा चित्रमय तक्ता भिंतीवरून काढून टाका, असे मी म्हणणार नाही, पण तो पहिले साधन असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘अ’ आणि अननस कायम चिकटलेले दिसले की मूल ‘अ’ वर बोट ठेवून ‘अननस’ म्हणते आणि आपण ते वाचन समजतो. तक्ता असेलच तर चित्रांवर कागदाची झडप लावावी. मोबाइलवरील ज्या खेळांत शब्दाला स्पर्श करताच त्याचेच चित्र उड्या मारू लागते, तेही याच कारणाने टाळावेत. बोटांची पकड तयार नसताना गिरवण्याच्या वह्या भरून घेणे तर या कामाशी संबंधितच नाही.

वेळ थोडा द्यावा. दिवसाला दहा-पंधरा मिनिटे, एका वेळी एक कृती आणि मूल उठले की थांबणे, हे पुरते. चिठ्ठीचे उत्तर आज बरोबर आणि उद्या चूक असे काही आठवडे चालते. ते स्वाभाविक आहे.

पुस्तके, गोष्टी, लिहिणारी माणसे हे सर्व भोवती असूनही सहा वर्षांच्या आसपास मुलाला लिहिलेल्यात काहीच रस वाटत नसेल, पुस्तक ते फार जवळ धरत असेल, डोके तिरके करून पाहत असेल किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर अभ्यासाचा धाक न घालता आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. अंगणवाडीत व सरकारी आणि अनुदानित शाळेत जाणाऱ्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात होते. सेविकाताईंना पुढच्या तपासणीची तारीख विचारावी. ऐकण्या-बोलण्याविषयी शंका असेल तर वांद्रे रेक्लमेशन येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत तपासणीची सोय आहे.

वाघाची चिठ्ठी पक्ष्याखाली सरकवल्यावरही मूल वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शब्दांसाठी “वाघच लिहिले आहे” असे न अडखळता सांगू लागले की मुळाक्षरांना सुरुवात करावी. ती तक्त्यावरच्या क्रमाने न करता मुलाच्या स्वतःच्या नावातील अक्षरांपासून करावी, मग घरातल्यांच्या नावांकडे, आणि तिथून डब्यांवरच्या चिठ्ठ्यांकडे यावे. ‘साखर’ मधला ‘र’ आणि ‘दादर’ मधला ‘र’ एकच आहे हे मूल आपल्याला दाखवू लागले, की गिरवायची पाटी आणायला हरकत नाही.